नाण्यावर नाणं पाडणे: 'पुनर्मुद्रित' शब्द चालेल का?

गोदाकाठ :
ग्रीक नाण्यांवरच्या एका लेखाचं मराठी करतोय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडलोय. दुसऱ्या गावाचं चांदीचं नाणं न आटवता तसंच तापवायचं, आपल्या ठशांमध्ये धरायचं, घाव घालायचा, की झालं आपलं नाणं. इंग्रजीवाले याला 'ओव्हरस्ट्राइक' म्हणतात. आपल्याकडे 'पुनर्मुद्रित' आणि 'पुनरांकित' वाचलंय. पण पुनर्मुद्रण म्हटलं की तेच पुस्तक पुन्हा छापलं असं वाटतं. इथे तर मालकच बदललाय.

सोनारआळी :
शब्दाचं तुम्ही बघा, कामाचं मी सांगतो. मोड आली की आम्ही ती आटवतो, कारण कस आणि वजन दोन्ही नव्याने बसवायचं असतं. पण आलेला माल चांगल्या चांदीचा, गोल आणि जवळपास हव्या त्या वजनाचा असेल, तर आटवा, ओता, कापा हा खटाटोप करायचा कशाला? मात्र नीट तापवलं नाही किंवा घाव हलका पडला, तर जुनं नक्षीकाम खालून डोकावणारच.

जुनीपाने :
ते डोकावणं हाच अभ्यासकांचा खजिना. क्रीट बेटावर चांदीच्या खाणी नव्हत्या. तिथल्या गॉर्टिन, फैस्टोससारख्या नगरांनी बाहेरून आलेल्या नाण्यांवरच आपले ठसे मारले. ईजिना बेटाचा स्टेटर (चांदीचं मोठं ग्रीक नाणं) साधारण १२ ग्रॅमचा, त्यावर समुद्री कासव. ग्रीक लोक त्या नाण्यांना सरळ 'कासवं' म्हणत, आपण 'राणीछाप' म्हणायचो तसं. गॉर्टिनच्या ठशात एकीकडे झाडावर बसलेली ग्रीक पुराणातली युरोपा, दुसरीकडे बैल. असं नाणं उजेडात तिरकं धरलं की चित्राशी काही संबंध नसलेला फुगवटा दिसतो. ती कासवाची पाठ.

खालचं नाणं वरच्यापेक्षा जुनं, एवढं तरी पक्कं. फैस्टोस आणि गॉर्टिनच्या काही नाण्यांखाली आफ्रिकेतल्या सायरीनची नाणी सापडली, त्यामुळे क्रीटच्या नाण्यांचा काळ ठरवायला मोठा आधार मिळाला.

दक्षिण इटलीतल्या मेटापाँटमचंही असंच. तिथल्या जवाच्या कणसाखाली कॉरिंथचा पंखवाला घोडा...

सोनारआळी :
जवाची ओंबी हो! कणीस ज्वारी-बाजरीला.

जुनीपाने :
मान्य, ओंबी. त्या ओंबीखाली काही वेळा पेगॅससच्या पंखाच्या रेघा राहिल्यात.

गोदाकाठ :
म्हणजे दोन शब्द लागणार, एक वरच्यासाठी, एक खालच्यासाठी. 'पुनर्मुद्रित'मध्ये खालच्याला जागाच नाही, माझी खरी तक्रार ती आहे. 'राणीछाप'वरून सुचतंय : 'वरछाप' आणि 'तळछाप'. कसं वाटतं?

मोडीलिपी :
ऐकायला बरं आहे. पण छोटा शिक्का मारून नाणं चालू ठेवतात, त्याचं काय? सराफ रुपयांवर खुणा करायचे तसं. वाचक त्यालाही वरछाप समजेल.

जुनीपाने :
त्याला 'खूणशिक्का' म्हणा. तिथे मूळ नाणं आपल्या नावानेच राहतं, कडेला एक खूण वाढते. वरछापीत पूर्ण आकाराचे ठसे दोन्ही बाजूंना बसतात आणि जुन्याची ओळख पुसायचा प्रयत्न होतो.

आणि उदाहरण हवं तर ग्रीसला कशाला जायचं, गोदाकाठ? तुमच्याच नदीवर आहे. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय : एका बाजूला तीन कमानींचा चैत्य आणि खाली नागमोडी रेघ, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नहपानाचं नाक किंवा ओठ त्या कमानींच्या मधून दिसतात. त्याच्या चेहऱ्याभोवती मजकूर चक्क ग्रीक अक्षरांत, कारण हा घाटच द्रख्मा या इंडो-ग्रीक चांदीच्या नाण्यावरून आला. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हटलंय, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, वंश निःशेष करणारा. तो राजा नहपानाचं नाणं 'पुनर्मुद्रित' करेल?

गोदाकाठ :
हे लक्षातच आलं नव्हतं. 'द्रख्मा' तर आपल्याकडे आधीपासून आहे ना?

मोडीलिपी :
आहे की. द्रख्माचा संस्कृतात द्रम्म झाला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १६ पणांचा एक द्रम्म. त्याच द्रम्माचा आपला 'दाम'. दामदुप्पट म्हणताना कुणाला ग्रीक आठवतात? गंमत म्हणजे नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात याच काळातल्या चलनाला 'काहापण' म्हणतो, ३५ काहापणांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं. वजन-घाट परका, नाव इथलं.

गोदाकाठ :
लेखात द्रख्मा ठेवतो, तळटीपेत दाम. आणि चित्राखाली असं लिहिलं तर : 'गॉर्टिन, चांदीचा स्टेटर, वरछाप. तळछाप : ईजिना, कासव.'

मोडीलिपी :
चालेल. फक्त अनेकवचनात 'वरछापी नाणी' करू नका. राणीछाप रुपया, राणीछाप रुपये, तसंच वरछाप नाणं, वरछाप नाणी. क्रियापद हवं असेल तर 'ईजिनाच्या नाण्यावर पाडलेलं' पुरे, 'वरछापणे' नको.