पिशवीवरचं ‘स्टोअर’ आणि ‘प्रॉड्यूस’ : नाम की क्रियापद?

गणपती_पेठ :
मेव्हण्याचा हळद पावडरीचा छोटा धंदा आहे, सांगलीत मार्केट यार्डाजवळ. पाव किलोच्या पिशवीवर इंग्रजीच्या जोडीला मराठी मजकूरही हवा होता. छपाईवाल्यानं मोबाईलवर भाषांतर करून प्रूफ पाठवलं : ‘थंड, कोरड्या जागेतील दुकान’. त्याच्याखाली ‘भारताचे उत्पादन करा’! मुळात होतं ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ आणि ‘प्रॉड्यूस ऑफ इंडिया’. दुकान मी हटवलं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ केलं. पण दुसऱ्या ओळीवरून घरात दोन तट पडलेत. भाची म्हणते, शब्दाचा उच्चार ‘प्रड्यूस’, ते क्रियापदच आहे. मेव्हणा म्हणतो, पिशवी कशाला कुणाला हुकूम सोडेल? उत्पादन लिहू, शेतमाल लिहू, की आणखी काही? आणि एकच शब्द कधी नाम, कधी क्रियापद, हे इंग्रजीत ओळखायचं तरी कसं?

निवृत्त_मास्तर (सातारा) :
मेव्हणे बरोबर आहेत. भाचीचंही चूक नाही, फक्त तो उच्चार या जागेचा नाही. जोर शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, ‘प्रॉड्यूस’, की ते नाम : शेतात पिकलेला माल. जोर दुसऱ्यावर, ‘प्रड्यूस’, की क्रियापद : पिकवणे, निर्माण करणे. परमिट, एक्स्पोर्ट, रेकॉर्ड यांचंही असंच. आपण मराठीत दोन्हीकडे सपाट ‘एक्स्पोर्ट’ म्हणतो म्हणून हा फरक कानाला लागत नाही.
‘स्टोअर’ला ही युक्ती चालत नाही, जोर हलवायला जागाच नाही. तिथं शेजारी बघायचे. आधी ‘द’ किंवा ‘अ’ असेल तर नाम. ‘विल’ किंवा ‘कॅन’ असेल तर क्रियापद. कर्ता नाही आणि वाक्य त्याच शब्दानं सुरू झालं, तर बहुधा आज्ञार्थ. नुसत्या शेवटच्या ‘स’वर विसंबू नका. ‘द स्टोअर्स’ म्हणजे दुकानं आणि ‘शी स्टोअर्स’ म्हणजे ती साठवते.
हा घोळ इंग्रजीत पहिल्यापासून नव्हता. जुन्या इंग्रजीत प्रेम हे नाम ‘लुफु’ आणि प्रेम करणे ‘लुफियन’, शेपटी बघून कळायचं. पुढं शेपट्या झिजल्या आणि दोन्हीचं ‘लव्ह’ झालं.

माहुलीकर :
सर, ‘रिपोर्ट’ला हा जोराचा नियम लावून दाखवा. ‘सपोर्ट’, ‘कंट्रोल’, ‘रिप्लाय’ही घ्या. नाम असो वा क्रियापद, जोर दुसऱ्यावरच.

निवृत्त_मास्तर (सातारा) :
नियम म्हटलेलं नाही. ओळखीची खूण आहे. आणि कुठं कुठं खूण लिहिण्यातही दिसते : ‘अ‍ॅडव्हाइस’ शेवटी सी घालून सल्ला, एस घालून ‘अ‍ॅडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे. ‘प्रॅक्टिस’मध्ये ब्रिटिश हाच फरक पाळतात, अमेरिकन दोन्हीकडे सी लिहून मोकळे होतात.

वाईची_सून :
इंग्रजीला हसायला नको. आमच्या सासूबाई नातवाला म्हणायच्या, “खेळ मांडलायस तर खेळ आता!” पहिला खेळ नाम, दुसरा क्रियापद. नाच, बोल, मार, सगळे तसेच. आणि गाणे, खाणे, देणे? ‘गाणं ऐकलं’ आणि ‘गाणं शिकली’ यात गाणं एकच आहे का?

माहुलीकर :
ताई, ते फक्त आज्ञार्थात जुळतं. ‘खेळला’, ‘खेळेल’ म्हटलं की क्रियापद लगेच उघडं पडतं, आणि ‘खेळात’ म्हटलं की नाम. मराठी शब्द अंगावर ओळखपत्र लावून फिरतो. आणि ‘णे’वालं रूप हे मुळात नामासारखंच चालतं, ‘गाण्याला’, ‘खाण्यात’. कोशात आपण त्यालाच क्रियापद म्हणून छापतो, ही आपली गंमत.

संस्कृत_वेडा :
यास्कानं निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात हे कधीच सांगून ठेवलंय : ‘भावप्रधानमाख्यातम्, सत्त्वप्रधानानि नामानि’. होणं-घडणं ज्यात मुख्य ते क्रियापद, वस्तू ज्यात मुख्य ते नाम.

भडंग_प्रेमी :
आता यास्काला हळदीच्या पिशवीत कोंबू नका राव. विषय काय, चाललाय कुठं! पिशवीवर ‘भारतीय शेतमाल’ लिहा, झालं.

गणपती_पेठ :
‘शेतमाल’ म्हटलं की डोळ्यांपुढं मोकळी पोती येतात. ही दळलेली पावडर आहे. मेव्हणा ‘भारतात पिकवलेली’ म्हणतोय, पण मग नामाचं विशेषण झालं ना?

निवृत्त_मास्तर (सातारा) :
होऊ दे की. भाषांतरात नामाला नामच द्यायचं अशी कुणी शपथ घातलेली नाही. मला खरी चीड वेगळीच. ‘स्टोअर करा’, ‘प्रोसेस करा’, ‘इन्व्हाइट केलं’. इंग्रजी क्रियापद उचलायचं, त्याचं नाम करायचं आणि मागं ‘करा’चं इंजिन जोडायचं. साठवा, दळा, बोलवा हे काय वाईट आहेत?

वाईची_सून :
सर, ‘करणे’ जोडणं ही आपलीच जुनी रीत. स्नान करणे, विचार करणे, सुरू करणे, मान्य करणे. संस्कृत आणि फारसी शब्दांना चाललं, इंग्रजीलाच मज्जाव का? उलट मला तरुण मुलांचं ‘गुगलून बघ’ आवडतं. तिथं थेट मराठी प्रत्यय लागला.

माहुलीकर :
‘गुगलून’ला माझं अनुमोदन. हात-हाताळणे, लाथ-लाथाडणे, डोकं-डोकावणे, पाणी-पाणावणे. नामधातू, म्हणजे नामाचं क्रियापद, करायची आपली टाकसाळ चालू होती, आपणच बंद पाडली. मी इथं लिहितो तेही ‘टंकतो’च.

निवृत्त_मास्तर (सातारा) :
‘पाणावणे’ आणि ‘गुगलणे’ एका पंगतीत बसवू नका. एक कानाला गोड, दुसरं दातात खडा.

भडंग_प्रेमी :
मग साठवायला आपला सांगलीचा शब्द घ्या : ‘पेवणे’. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवायची ती पेवली!

गणपती_पेठ :
असं कुणीच म्हणत नाही हो. हळद पेवात ‘घालायचे’. पेव उघडल्यावर आत पुरेसा प्राणवायू नसायचा म्हणून आधी कंदील सोडून बघायचे, मग माणूस उतरायचा. 2005च्या पुरात किती पेवांत पाणी शिरलं! पेव नामच राहिलं, त्याचं क्रियापद झालं नाही. झालंच तर ‘पेव फुटलं’, आणि तेही तालमी, क्लासेस, पुढारी यांचं.

भडंग_प्रेमी :
पेव हे पिवळ्यावरूनच आलं असणार. हळद ठेवायची जागा म्हणून.

माहुलीकर :
ज्वारीची पेवं असायची गावोगावी. ज्वारी कधीपासून पिवळी?

भडंग_प्रेमी :
शाळू कधी हातात घेऊन बघितलाय का साताऱ्यात? जुना झाला की पिवळसरच दिसतोय.