अपसंपदेची (बेहिशेबी मालमत्तेची) तक्रार: अर्जात काय लिहायचं, हिशोब कसा मांडतात?

चावडीवरचा:
तालुक्याच्या ठिकाणचा एक अधिकारी. नाव, खातं इथे देत नाही. पगार किती असेल ते कुणीही सांगेल. बायकोच्या नावावर दीड एकर बागायत, मेहुण्याच्या नावावर हायवेला लागून दोन एनए प्लॉट, जिल्ह्याच्या गावी थ्री बीएचके, मुलगी खासगी मेडिकलला. लाच मागताना कुणी पकडून द्यायला तयार नाही, त्यामुळे सापळ्याचा विषय संपला. उरते ती बेहिशेबी मालमत्तेची तक्रार. गावात दोघांनी अर्ज केले होते, दोन्ही 'दप्तरी दाखल' झाले, म्हणजे कारवाई न करता बंद.

विचारायचं ते असं. अर्जात नेमकं काय असावं? माहिती अधिकारात त्याचं मत्ता व दायित्व विवरण मिळेल का? मेहुण्याच्या नावावरचं यात धरता येतं का? आणि एवढं डोळ्यांना दिसत असूनही हे खटले कोर्टात का पडतात?

सूची_दोन:
आधी माहिती अधिकाराचं, म्हणजे त्यात वेळ जायला नको. विवरण मागाल तर बहुतेक नकारच येईल. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती ठरवली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. जन माहिती अधिकाऱ्यांना हा निकाल पाठ असतो, आणि २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधली, वैयक्तिक माहिती न देण्याची सूट आणखी रुंद केली आहे. त्याऐवजी असं विचारा: अमुक वर्षांची विवरणं कार्यालयाला मिळाली का, कोणत्या तारखेला मिळाली, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ च्या नियम १९ खाली स्थावर खरेदीच्या किती सूचना किंवा परवानगीचे किती अर्ज आले. फक्त संख्या आणि तारखा मागा. 'शून्य' हे उत्तर आलं तर तेच तुमच्या अर्जाचं पहिलं जोडपत्र. (आयएएस असेल तर हा प्रश्नच येत नाही. त्यांची स्थावर विवरणं केंद्राच्या कार्मिक विभागाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात.)

बाकीचं सगळं उघड्यावरच आहे. महाभूलेखवर गाव निवडून नावाने गट क्रमांक शोधता येतो. आठ-अ काढलात की त्या गावातली त्या खातेदाराची सगळी जमीन एका कागदावर येते. पण गाव बदललं की आठ-अ वेगळा, त्यामुळे सासरचं गाव आणि आईच्या माहेरचं गावही बघा. सातबारावरून फेरफार क्रमांक घ्या आणि फेरफाराचा उतारा काढा. खरेदी आहे, वाटणी आहे की बक्षीसपत्र, ते तिथेच कळतं. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, गाव, गट क्रमांक आणि वर्ष टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. तीत मोबदला, बाजारमूल्य, दस्त क्रमांक, तारीख आणि दोन्ही पक्षकार असतात.

सूची दोनमध्ये दोन ठिकाणी थांबायचं. एक, मोबदल्याचा आकडा बाजारमूल्यापेक्षा बराच कमी आहे का. दोन, विकणारा कोण. विकणाऱ्याचं किंवा त्याच्या फर्मचं त्याच कार्यालयात काही प्रकरण चालू असेल, तर नियम १९ प्रमाणे त्या व्यवहाराला नुसती सूचना पुरत नाही, आधी मंजुरी लागते. अर्ज वाचणारा अधिकारी इथे खुर्चीत सरळ होऊन बसतो.

बेरीजवजाबाकी:
वरचं सगळं बरोबर, पण मालमत्तेच्या यादीने अपसंपदा सिद्ध होत नाही. ती एका ठरावीक काळातली वजाबाकी असते आणि त्यात खर्चाचा रकाना लोक कायम विसरतात.

आधी परीक्षण कालावधी, म्हणजे हिशोब कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा, ते ठरतं. तो पूर्ण नोकरीचा असायलाच हवा असं नाही, संपत्ती ज्या वर्षांत वाढली तेवढा तुकडा घेतला तरी चालतो. सुरुवातीची मत्ता, शेवटची मत्ता, कायदेशीर मार्गाने आलेला पैसा आणि खर्च असे चार आकडे लागतात. मत्तेतली वाढ अधिक खर्च, त्यातून उत्पन्न वजा. उरलं ते अपसंपदेचं. त्याची टक्केवारी काढतात ती उत्पन्नावर, मत्तेवर नाही.

तुमच्यासारख्या प्रकरणात कल्पित आकडे घालून बघू. कालावधी १ एप्रिल २०१२ ते ३१ मार्च २०२४. मत्ता ६ लाखांवरून १४२ लाखांवर गेली, वाढ १३६ लाख. बारा वर्षांत हातात आलेला पगार ६६ लाख, गृहकर्ज ३० लाख (कर्ज हे या हिशोबात आलेला पैसा म्हणूनच धरतात), बायकोच्या शिकवण्या ६ लाख, शेती ८ लाख. एकूण ११० लाख. खर्चात मुलीची फी ३८ लाख, कर्जाचे हप्ते २१ लाख, आणि घरखर्च. घरखर्चाच्या पावत्या कुणी ठेवत नाही, म्हणून ढोबळ पगाराचा एक तृतीयांश धरायची तपास यंत्रणांची पद्धत आहे. ढोबळ पगार ७८ लाख असेल तर २६ लाख. खर्च झाला ८५ लाख. १३६ अधिक ८५ म्हणजे २२१, वजा ११०, उरले १११ लाख. जवळपास १०१ टक्के.

या उदाहरणात खर्च वगळून बघा: १३६ वजा ११० म्हणजे फक्त २६ लाख. अर्ज दप्तरी दाखल का होतात ते यावरून कळेल. फीचा आकडा तर शोधायलाही लागत नाही, खासगी मेडिकल कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षनिहाय असते. प्रवेशाचं वर्ष आणि कॉलेज लिहा, बाकी ते काढतील.

आता बचाव कुठून येतो ते. तो मत्तेला हात लावत नाही, उत्पन्न फुगवतो. शेती ८ ची २८ लाख दाखवायची, सासऱ्यांकडून २० लाख हातउसने दाखवायचे. उत्पन्न १५० लाख झालं, जादा उरले ७१ लाख, टक्केवारी थेट ४७ वर. मग 'नोकरीपूर्वीचं वडिलोपार्जित सोनं' म्हणून सुरुवातीची मत्ता वाढवायची, की आणखी खाली.

शेतीचं उत्पन्न तपासायला गाव नमुना १२ (सातबारातला पिकांच्या नोंदीचा भाग) याच्यासारखा दुसरा कागद नाही. विवरणात द्राक्षाचे लाख आणि पीकपाहणीला ज्वारी असेल तर खेळ संपला. बाजार समितीतल्या आडत्याची हिशोबपट्टी, कारखान्याचं उसाचं बिल, सोसायटीचं पीककर्ज, विजेचं कनेक्शन, यातलं एकही नसताना एकरी लाखांचं उत्पन्न निघत नाही. अर्जाला कालावधीतल्या दरवर्षीचा सातबारा जोडा, नुसता यंदाचा नको. हातउसन्याचंही तसंच. २० हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा बँकेतली नोंद दाखवा म्हटलं की सासरे अडखळतात.

तारीखपेतारीख:
टक्केवारीवरून तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांचा अपसंपदेचा खटला आठवला. आकडेमोडीवर खटला कसा फिरतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. परीक्षण कालावधी १ जुलै १९९१ ते ३० एप्रिल १९९६. बंगळूरच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये ४ वर्षं कैद आणि १०० कोटी दंड ठोठावला. मे २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सोडलं, कारण त्यांच्या हिशोबात मत्ता ३७.५९ कोटी, उत्पन्न ३४.७६ कोटी, म्हणजे जादा फक्त ८.१२ टक्के. आणि कृष्णानंद अग्निहोत्री प्रकरणापासून (१९७७) १० टक्क्यांच्या आतली तफावत आरोपीच्या पदरात टाकायचा प्रघात आहे. पण निकालातच कर्जांचा जो तक्ता होता त्याची बेरीज १०.६७ कोटी येत होती आणि धरली होती २४.१७ कोटी! साडेतेरा कोटींची चूक. ती काढली की उत्पन्न २१.२६ कोटी आणि तफावत ७६ टक्क्यांच्या वर. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०१७ ला विशेष न्यायालयाचा निकाल कायम केला. जयललिता तोवर वारल्या होत्या, शिक्षा इतर तिघांना भोगावी लागली. त्याच निकालात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. आयकर विवरणपत्रात उत्पन्न दाखवलं आणि कर भरला एवढ्याने ते कायदेशीर स्रोताचं ठरत नाही, स्रोत वेगळा सिद्ध करावा लागतो.

खटले पडतात ते बऱ्याचदा तपासाच्या आळसामुळे. निव्वळ पगार उत्पन्नात धरला आणि भविष्य निर्वाह निधीची शिल्लक मात्र मत्तेत घातली, तर वर्गणीचा पैसा आरोपीच्या डोक्यावर फुकट बसतो. बचावाचा वकील पहिल्याच उलटतपासात तो काढतो आणि मग सगळा तक्ताच संशयास्पद वाटायला लागतो. झडतीत सापडलेलं सोनं झडतीच्या दिवसाच्या भावाने धरतात. धरायला हवा खरेदीच्या वेळचा भाव, आणि खरेदी कालावधीतलीच असल्याचं दाखवावं लागतं. घराची किंमत बांधकाम विभागाच्या अभियंत्याने आजच्या दराने लावली तर तेही टिकत नाही. दस्तावर ४० लाख आणि वरून ३० लाख रोख दिले हे सगळ्या गावाला माहीत असलं तरी डायरी, विकणाऱ्याचा जबाब असं काही हाती नसेल तर कोर्टात ४० लाखच.

मंजुरीचा घोळ वेगळाच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली अभियोगाची (खटला भरण्याची) मंजुरी ३ महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात द्यायची असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात फायली त्याहून जास्त झोपतात. आणि ती मंजुरी त्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार असलेल्यानेच द्यावी लागते. चुकीच्या सहीवर दोषारोपपत्र गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. २०१८ च्या दुरुस्तीनंतर निवृत्तांनाही ही मंजुरी लागते, त्यामुळे 'निवृत्त होऊ दे, मग बघू' या जुन्या हिशोबात आता अर्थ नाही.

त्याच कायद्याचं कलम सांगून ठेवतो, अर्जात लागेल: १३(१)(ब), शिक्षा १३(२) खाली ४ ते १० वर्षं. २६ जुलै २०१८ पूर्वीचा कालावधी असेल तर जुनं १३(१)(इ).

चावडीवरचा:
भरपूर मिळालं, आभार. दोनच गोष्टी राहिल्या. मेहुणा? आणि अर्ज निनावी केला तर? त्याची माणसं सगळीकडे आहेत हो.

सूची_दोन:
कायद्यात 'त्याच्या वतीने अन्य कोणाही व्यक्तीकडे' असलेली मालमत्ता येते, त्यामुळे मेहुणा सुटत नाही. पण पैसा साहेबांचा होता हे दाखवायची जबाबदारी तपासावर आहे. म्हणून अर्जात मेहुण्याच्या प्लॉटबरोबर मेहुण्याची ऐपत लिहा: धंदा काय, दुकानाचं भाडं किती, आठ-अ वर किती जमीन, त्या वर्षी कर्ज काढलं का (सातबाराच्या इतर हक्कात बँकेचा बोजा दिसतो). मेहुण्याची कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं १०० रुपये भरून बघता येतात. बायकोच्या नावावरचं स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेलं असेल तर बेनामी कायद्यात त्याला सूट आहे, मेहुण्याच्या नावावर घेतलेल्याला नाही. म्हणून प्लॉटपुरती एक वेगळी प्रत आयकर खात्याच्या बेनामी प्रतिबंधक युनिटला द्या. तिथे जप्ती होते आणि १ ते ७ वर्षं कैदेची तरतूद आहे.

तारीखपेतारीख:
निनावी नको. निनावी अर्जाला कुणी वाली नसतो, फाइल बंद करताना कुणाला कळवावंही लागत नाही. नावानिशी करा, नाव गोपनीय ठेवण्याची विनंती पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि अर्ज तालुक्यात कुणाच्या हातात देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या परिक्षेत्राच्या पोलीस अधीक्षकांना थेट, स्पीड पोस्टाने पाठवा. विभागाच्या १०६४ या हेल्पलाइनवर फोन करून फक्त पत्ता विचारून घ्या. जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा २०१४ चा कायदा संमत होऊनही लागू झालेला नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

भाषा सांभाळा. 'कोट्यवधींची माया जमवली' लिहू नका. 'दस्त क्रमांक अमुक, दिनांक अमुक, मोबदला अमुक, खरेदीदार लोकसेवकाची पत्नी' एवढंच. खोटी माहिती दिल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ आहे आणि ते उलटवायला ही मंडळी टपलेली असतात. माहीत नाही ते 'तपासावे' म्हणून लिहा.

आधी गोपनीय चौकशी होते, त्यात दम दिसला तर उघड चौकशी. तेव्हा मालमत्ता, उत्पन्न आणि खर्चाचे तक्ते त्याच्याकडूनच भरून घेतात. त्याला कळतं ते तिथे. म्हणून सगळे उतारे अर्ज देण्यापूर्वी काढून ठेवा, डिजिटल सहीचे, तारखेसह. नंतर बक्षीसपत्रं आणि मागच्या तारखेचे हातउसन्याचे करार निघायला लागतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सासऱ्यांची २०१५ ची सही असेल तर तो स्टॅम्प कधी विकला गेला हे मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीतून बघायला लावा.

बेरीजवजाबाकी:
+१. आणि अर्जाच्या शेवटी कालावधी तुम्हीच सुचवा. पहिली मोठी खरेदी झाली त्याच्या आधीच्या १ एप्रिलपासून धरा. मुलगी तेव्हा शाळेत असेल, पण तिची मेडिकलची वर्षं आत आली पाहिजेत.