मदत हवी आहे: गूगल खात्याशिवायचा फोन आणि यूपीआय

गिरगावातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जुने अँड्रॉइड फोन कायमचे देतो. मुलांच्या मागे जाहिराती आणि पाळत लागू नये, म्हणून गूगल खातं न घालता एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत अ‍ॅपच्या स्टोअरवरून अ‍ॅप टाकतो: नकाशांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स, यूट्यूबवरच्या व्याख्यानांसाठी न्यूपाइप. आतापर्यंत छान चाललंय.

आता काळजी वेगळी आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की गूगलने प्रमाणित केलेल्या (म्हणजे प्ले स्टोअरसह येणाऱ्या) अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकायचं तर त्याच्या डेव्हलपरची ओळख नोंदलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, इतरत्र २०२७ पासून. एडीबीने (फोन संगणकाला जोडून आज्ञा देण्याचं साधन) टाकता येईल म्हणतात, पण प्रत्येक अपडेटसाठी मुलांनी केबल घेऊन संगणक शोधायचा का? फोन आपला, मग त्यावर काय टाकायचं हेही आपणच ठरवायला हवं.

म्हणून एका फोनवर लिनिएजओएस (गूगलचं प्रमाणपत्र नसलेली मुक्त अँड्रॉइड प्रणाली) आणि सोबत मायक्रोजी (गूगलच्या सेवांना मुक्त पर्याय) टाकून पाहिलं. सगळं चालतं, फक्त यूपीआय अ‍ॅप 'डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणून बंद होतं. ते अ‍ॅप अरोरा स्टोअरवरून (गूगल खात्याशिवाय प्ले स्टोअरची अ‍ॅप देणारं अ‍ॅप) घेतलं होतं. नवी प्रणाली टाकायला बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) अनलॉक करावा लागला; तो पुन्हा लॉक करणं या मॉडेलवर जमत नाही. डिजिलॉकरचं काम ब्राउझरमध्ये भागतं. इंटरनेटशिवाय यूपीआयसाठी *९९# डायल करण्याची सोय आहे, पण परीक्षेची फी भरताना समोर क्यूआर येतो, तिथे त्याचा उपयोग नाही. नवे फोन घेण्याइतका निधी नाही.

बूटलोडर अनलॉक असलेल्या लिनिएजओएसवर कुणाचं यूपीआय रूट न करता (म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा न घेता) चालतंय का? असेल तर कोणतं अ‍ॅप, कोणती बँक?