मदत हवी आहे: मनाचा त्रास आणि ईईजीचं कोरिलेशन, २६ जणांचा डेटा, आता चॅप्टरमध्ये काय लिहू?

मंडळी नमस्कार. मी एम. ए. सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते कळव्यात, कॉलेज नवी मुंबईत. डिझर्टेशन दीड महिन्यात द्यायचंय आणि मी आकड्यांमध्ये पार अडकलेय. ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत सिग्नल मोजणं) किंवा स्टॅट्स कळणारं कुणी असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, जरा लांबलंय.

२६ विद्यार्थ्यांकडून मनाचा त्रास मोजणारी के-१० प्रश्नावली भरून घेतली (दहा प्रश्न असतात, गेल्या ३० दिवसांत किती वेळा निराश वाटलं, थकल्यासारखं वाटलं असे, स्कोअर १० ते ५० मध्ये येतो) आणि लगेच १४ चॅनेलचा हेडसेट लावून पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून रेकॉर्डिंग घेतलं. १४ चॅनेल, पाच बँड (डेल्टा, थीटा असे लहरींचे पट्टे), म्हणजे के-१० शी ७० कोरिलेशन्स काढली (दोन आकडे किती एकत्र हलतात ते, ० म्हणजे नातं नाही, १ म्हणजे अगदी पक्कं). त्यात कपाळाजवळच्या एएफ३ या चॅनेलची थीटा पॉवर आणि के-१० यांचं सगळ्यात मोठं आलं, ०.५८, पी व्हॅल्यू (नातं नसताना नुसत्या योगायोगाने एवढं येण्याची शक्यता) ०.००२. मला इतका आनंद झाला की ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्याच मैत्रिणीला फोन केला. गाईड म्हणाले यावरच चॅप्टर लिही, त्रासामुळे मेंदूची ॲक्टिव्हिटी बदलते असं स्पष्ट मांड.

मग रिव्ह्यू लिहायला बसले आणि झोप उडाली. २००३ चा आयझेनबर्गरचा पेपर आहे ना, सायबरबॉल, म्हणजे स्कॅनरमध्ये झोपून कॉम्प्युटरवर तिघांत बॉल टाकायचा आणि मग बाकीचे दोघं अचानक तुम्हाला बॉल द्यायचेच बंद होतात, त्यात किती वाईट वाटलं याचं आणि डॉर्सल अँटिरिअर सिंग्युलेट या मेंदूच्या भागाचं कोरिलेशन ०.८८ आलं होतं. माणसं किती, १३. आणि २००९ मध्ये वुल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा बऱ्याच पेपर्सवर बोट ठेवलं की आधी हजारो व्हॉक्सेल्समधून (स्कॅनमधले मेंदूचे छोटे ठोकळे) ज्यांचं कोरिलेशन मोठं तेच निवडायचे आणि मग त्यांचंच कोरिलेशन रिपोर्ट करायचं, तर आकडा फुगणारच. प्रश्नावलीची रिलायबिलिटी (पुन्हा मोजलं तर आकडा किती तसाच येतो ते) ०.८ आणि स्कॅनची ०.७ धरली तर खरं नातं अगदी पक्कं असलं तरी दिसणारा आकडा साधारण ०.७५ च्या वर जायला नको. हे वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण मीही ७० मधलं सगळ्यात मोठं उचललंय. काहीच नातं नसलं तरी ७० मध्ये पी व्हॅल्यूच्या ०.०५ या नेहमीच्या हद्दीने तीन-चार तर नुसत्या योगायोगाने निघतात.

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. स्कॅटर प्लॉटमध्ये दोन ठिपके वर कोपऱ्यात एकटे आहेत, ते काढले की ०.५८ चं ०.३४ होतं. त्यातला एक ठिपका ज्या मुलीचा आहे ती फॉर्म भरून झाल्यावरही उठली नव्हती, रेकॉर्डिंगच्या वेळी डोळे भरून येत होते तिचे. मी हेडसेट काढून ठेवला, पाणी दिलं, बसलो दोघी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिला आणि ती आता कॉलेजच्या काउन्सेलरकडे जाते. आता तिलाच 'आउटलायर' (बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा) म्हणून खोडायचं? जिचा त्रास सगळ्यात खरा तिलाच डेटातून बाहेर काढायचं हे मला पटत नाहीये, पण ठेवलं तर सगळं नातं दोन माणसांवर उभं आहे. काय करू?

प्रतिसाद १: ट्रान्सहार्बर
ताई, आधी कच्चा सिग्नल उघडून बघा. एएफ३ डोळ्याच्या अगदी वर बसतं. पापणी लवली की तिथे मोठी लाट येते आणि तिचा बराचसा भाग डेल्टा-थीटामध्येच पडतो. डोळे भरून आलेलं माणूस पापण्या जास्त मिटतं. म्हणजे तुमचं ०.५८ हे के-१० आणि पापण्यांचं कोरिलेशन असू शकतं, मेंदूचा संबंधही नसेल. आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगळे करायची पद्धत) करून ब्लिंक, म्हणजे पापण्यांच्या लाटा, काढलेत का? ते करा, मुलीला काढू नका. खराब सिग्नलचा तुकडा काढायचा असतो, माणूस नाही, आणि नियम सगळ्या २६ जणांना एकच लावायचा. पिअर्सनसोबत (नेहमीचं कोरिलेशन) स्पिअरमनही द्या, तो रँक बघतो त्यामुळे दोन ठिपके एवढे ओढत नाहीत.

आणि ७० टेस्ट्सना बॉनफेरोनी लावला (०.०५ ला टेस्ट्सच्या संख्येने भागायचं) तर पी व्हॅल्यूची हद्द ०.०००७ होते, तुमचं ०.००२ त्यात बसत नाही. ते लपवू नका.

प्रतिसाद २: खारीगाव
झोप विचारली होती का? माझा भाचा बदलापूरहून नेरुळला कॉलेजला जातो, पहाटे साडेचारला उठतो. झोप कमी झाली की मन चिडचिडं होतंच आणि जागेपणी थीटाही वाढतो. तसं असेल तर दोन्ही आकडे झोपेमुळेच एकत्र हलतायत.

धागाकर्ती
दोघांनाही मनापासून धन्यवाद. आयसीए केलं नव्हतं, फक्त फिल्टर लावला होता. काल रात्री केलं, सगळ्या २६ जणांचं, त्या मुलीच्या पाच मिनिटांत पापण्यांच्या लाटा एकामागून एक आहेत. आता एएफ३ थीटाचं ०.३१ येतंय आणि स्पिअरमन ०.२८. झोपेचे तास फॉर्मवर होते, मीच दुर्लक्ष केलं होतं, आज पार्शल कोरिलेशन (झोपेचा परिणाम वजा करून उरणारं) काढते. चॅप्टरमध्ये सगळी ७० टेबलमध्ये देणार, कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते), अभ्यास एक्सप्लोरेटरी, म्हणजे नुसता प्राथमिक शोध, म्हणून लिहिणार आणि 'त्रासामुळे' हा शब्द काढणार. सव्वीसच्या सव्वीस जण राहतील.

फक्त एक विचारायचंय, सोमवारी गाईडना हे दाखवायचंय, आधीचा ०.५८ चा प्लॉट पण शेजारी ठेवू का? म्हणजे कशामुळे उतरलं ते त्यांनाही दिसेल.

ट्रान्सहार्बर
हो, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. आणि त्या मुलीच्या कच्च्या सिग्नलचे दहा सेकंद प्रिंट करून न्या, नाव न लिहिता.