‘छातीत पाणी’ की ‘फुप्फुसात पाणी’?

उंबरठा: मामांच्या रिपोर्टवर ‘प्ल्युरल इफ्यूजन’ लिहिलंय. मामी सगळ्यांना ‘छातीत पाणी झालंय’ सांगते, भाऊ ‘फुप्फुसात पाणी’ म्हणतो. शेजारच्या आजोबांनाही मागे ‘फुप्फुसात पाणी’च झालं होतं, पण त्यांना सुई लावली नव्हती, लघवीच्या औषधांवर उतरलं. मग मामांनाच सुई कशाला, यावरून घरात रणकंदन. एक आजार दोन शब्दांत आहे की दोन आजार एका शब्दात? आणि फुप्फुस की फुफ्फुस?

तळटीप: फुप्फुस. महाप्राणाचं (ध, छ, फ अशा ‘ह’ मिसळलेल्या अक्षराचं) द्वित्त होताना पहिला अल्पप्राण (‘ह’ नसलेला द, च, प) होतो: बुद्धी, स्वच्छ, तसंच हे. वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात. (विठ्ठलाचं उदाहरण कुणी देऊ नये, तो कुठल्याच नियमात मावत नाही.)

निवृत्त_सिस्टर: दोन आजार, एक शब्द. फुप्फुसाला बाहेरून दुपदरी आवरण असतं. श्वास घेताना पदर एकमेकांवरून सरकावेत म्हणून मधे चमचा-दोन चमचे द्रव असतोच. क्षय, न्यूमोनिया, कर्करोग अशा कशाने तिथे पाणी साठत गेलं, कधीकधी लिटर-दीड लिटर, की फुप्फुस बाहेरून दाबलं जातं. मामांचं हे. पाणी फुप्फुसाच्या बाहेर आहे, म्हणून तर दोन बरगड्यांमधून सुई घालून काढता येतं. शिवाय ते तपासल्यावर कारणही कळतं. आपल्याकडे पहिला संशय बहुधा क्षयाचाच.

आजोबांचं पाणी आत होतं, वायुकोशांत. फुप्फुस म्हणजे स्पंज, तीसेक कोटी वायुकोशांचा. हृदयाची डावी बाजू थकली की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि पाणी वायुकोशांत झिरपतं. स्पंजाला टोचून काय निघणार? ते लघवीवाटेच उतरवायचं. असा पेशंट आडवा पडूच शकत नाही, उशांना टेकून बसून रात्र काढतो. फार वाढलं तर गुलाबी फेस येतो तोंडाला. आम्ही वॉर्डात मामांसारख्याला ‘प्लुरसीचा’ (प्लुरा म्हणजे ते आवरण) आणि आजोबांसारख्याला ‘हार्टचा’ म्हणायचो. घोळ व्हायचा तो नातेवाइकांशी बोलताना.

गावकुस: घोळ होणारच. आमच्याकडे सगळ्याला छातीच. कफ झाला की छाती भरली, हृदयाचं दुखणं म्हणजे छातीत कळ, एक्स-रे म्हणजे छातीचा फोटो. फुप्फुस हा शब्द शाळा सुटल्यावर कुणी तोंडातून काढत नाही. पोटातल्या पाण्याला जलोदर असा नेटका शब्द आहे, छातीतल्याला का नसावा?

तळटीप: परिभाषेत त्या आवरणाला परिफुप्फुस म्हणतात, त्याला सूज आली तर परिफुप्फुसशोथ. एका दमात म्हणून बघा, धाप लागेल.

सिस्टरांच्या फेसावरून आठवलं. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत ‘शोणितफेनप्रभवः फुप्फुसः’ असं आहे, म्हणजे फुप्फुस रक्ताच्या फेसापासून झालं. तिथे आजाराचा संबंध नाही, अवयव कशाचा घडला ते सांगितलंय. पण मटणाच्या दुकानात तो हलका, गुलाबी, हवा भरलेला गोळा बघितला की फेसच सुचतो. आणखी एक गंमत म्हणजे तिथे फुप्फुस पुल्लिंगी, एकवचनी आणि हृदयाच्या डावीकडे आहे. आपलं नपुंसकलिंगी आणि दोन: उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन.

गावकुस: लिंग राहू द्या. ‘फुप्फुसाबाहेर पाणी’ म्हटलं तर चालेल का?

निवृत्त_सिस्टर: पळेल. ‘छातीत पाणी’सुद्धा चुकीचं नाही, फक्त अर्धवट आहे. मामांच्या बाबतीत ‘फुप्फुसात’ मात्र नको.

उंबरठा: मामीला ‘फुप्फुसाबाहेर’ सांगून पाहिलं. म्हणाली, “बाहेर म्हणजे कुठे, शर्टात?” मग ‘फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधे’ म्हटलं, तेव्हा पटलं. उद्या अकराला सुई आहे. भाऊ अजून ‘फुफ्फुस’च लिहितोय.