घड्याळ मोजतं की अंदाज बांधतं?

ठोकताळा:
काल एकाने स्मार्टवॉचबद्दल लिहिलं, "मनगटावर डॉक्टर बसलाय, आता तपासण्या कशाला?" वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. अहो, कातडीवर हिरवा उजेड पाडायचा, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं तेव्हा तो जास्त शोषला जातो, परत येणारा कमी होतो, ते टिपायचं. जोडीला हालचालीचा सेन्सर. एवढ्यावर ठोके बऱ्यापैकी मिळतात, मान्य. पण कॅलरी, ताण, झोपेचा स्कोअर हे सगळं त्याच सिग्नलवर रचलेले अंदाज. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ मनगटी उपकरणं तपासली, त्यातल्या ६ मध्ये ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, आणि कॅलरीत जे सगळ्यात बरं निघालं तेही सरासरी २७ टक्के चुकलं. लोक त्यावर जेवण ठरवतात!

लेक_एकुलती:
माझ्या वडिलांना घड्याळाने दोनदा 'ठोके अनियमित' म्हणून कळवलं. त्यांना काहीच त्रास नव्हता. मग बटणावर बोट ठेवून ३० सेकंदांचा ईसीजी काढला, डॉक्टरांना दाखवला, त्यांनी मोठा ईसीजी काढला तर एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडून ठोके अनियमित पडणं) निघालं. आता रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. अंदाज म्हणून झटकून टाकला असता तर कदाचित पक्षाघात झाल्यावरच कळलं असतं. जरा जपून लिहा.

ठोकताळा:
वेळेत कळलं हे फार चांगलं झालं, मनापासून. पण डॉक्टरांनी मोठा ईसीजी काढलाच ना? मी तेवढंच म्हणतोय. ॲपलच्या घड्याळावर ४ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. सूचना मिळाल्यावर ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांतच त्या काळात एएफ दिसलं. एएफ येतं-जातं, त्यामुळे बाकीचे सगळे इशारे खोटे होते असं नाही, हेही सांगतो.

जागरण:
विषय ठोक्यांचा आहे पण मला झोपेवर बोलायचंच आहे. सहा महिने रोज सकाळी डोळे उघडले की आधी स्कोअर. छान झोपले असं वाटायचं आणि आकडा ५४, की दिवस गेला! रात्री आडवं पडल्यावर छातीत धडधड, आज किती येणार म्हणून. गाढ झोप लॅबमध्ये मेंदूच्या लहरींवरून ठरवतात, डोक्याला इलेक्ट्रोड लावून. मनगटाला मेंदूचं काय कळतं? या वेडाला ऑर्थोसोम्निया असं नावही आहे. घड्याळ काढलं आणि झोपायला लागले.

रात्रपाळी:
चिंता करणं हा तुमचा स्वभाव, त्यात सेन्सरचा काय दोष? मला रात्री ऑक्सिजन खाली जाताना दिसला, बायको घोरण्याबद्दल वर्षानुवर्षं सांगत होती ते ऐकलं नव्हतं, घड्याळातला आलेख बघून डॉक्टरकडे गेलो. स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबतो. आज मशीन लावून झोपतो आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी येत नाही.

जागरण:
स्वभाव?? न ओळखता असं बोलायचं? तुम्हाला घरातल्या माणसाने सांगितलेलं पटलं नाही, यंत्राने सांगितलं ते पटलं, आणि सल्ले मला!

सावळी_बाजू:
ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर ऐका. तो लाल आणि इन्फ्रारेड उजेडावरून काढतात आणि कातडीला रंग देणारं मेलॅनिन त्यात अडथळा आणतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर रक्तात ऑक्सिजन कमी असूनही पल्स ऑक्सिमीटरला तो न दिसण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट. ती हॉस्पिटलमधली यंत्रं होती, मग मनगटावरचं किती धरायचं? माझा रंग गडद आहे. जाहिरातीत हे कुणीच सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

रात्रपाळी:
हे माहीत नव्हतं. जागरण, 'स्वभाव' हा शब्द मागे घेतो, आणि बायकोबद्दल बोललात तेही खरं आहे. पण घड्याळ काढणार नाही.

लेक_एकुलती:
आम्हीही नाही. मात्र बाबा आता बिनासुईची साखर दाखवणारं घड्याळ घेऊया म्हणतायत, त्यांना मधुमेह आहे.

ठोकताळा:
ते अजिबात घेऊ देऊ नका! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये असल्या घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल स्पष्ट इशारा दिला, एकालाही मान्यता दिलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो. दंडावर लावतात तो सीजीएम, म्हणजे साखर सतत मोजणारा सेन्सर, वेगळा, त्याचा बारीक धागा कातडीखाली जातो. तोही पेशींभोवतालच्या द्रवातली साखर वाचतो, म्हणून रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. आकडा आणि तब्येत जुळत नसेल तर बोट टोचूनच बघा.

जागरण:
ठीक आहे, ठोक्यांपुरतं घड्याळ पुन्हा लावते. झोपेचा स्कोअर बंद कसा करायचा ते कुणीतरी सांगा, मला सेटिंगमध्ये सापडत नाहीये.