सर्व्हरने आपणहून बॅकग्राउंडला जावं का?

अंधेरी_पूर्व
आमच्या ऑफिसात यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा. माझं मत: सर्व्हर चालू केला की त्याने टर्मिनलवरच थांबावं, लॉग तिथेच दाखवावा, कंट्रोल-सी दाबलं की हातातल्या रिक्वेस्ट उरकून बंद व्हावं. बॅकग्राउंडला जायचं म्हणून दोनदा फोर्क करा (स्वतःची नक्कल प्रोसेस काढा), पीआयडी फाइल (प्रोसेसचा नंबर ठेवणारी) लिहा, हे उद्योग त्याचे नव्हेत. लिनक्सवर सर्व्हर चालू-बंद करणारं सिस्टिमडी २०१० पासून आहे की त्यासाठी! डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरात चालवणारं साधन) तर मुख्य प्रोसेस संपली की कंटेनरच संपतो. म्हणून एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अधिकृत इमेजमध्ये 'डीमन ऑफ' दिलेलं असतं (डीमन म्हणजे बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस).

रात्रपाळी_ऐरोली
अहो, सगळं जग डॉकरमध्ये नाही. नीट लिहिलेला डीमन लगेच प्रॉम्प्ट परत देत नाही. कॉन्फिग वाचून, पोर्ट धरून फोर्कने निघालेली चाइल्ड प्रोसेस तयार झाली की मगच मूळची पॅरेंट शून्य (म्हणजे 'सगळं ठीक') देऊन बाहेर पडते. पोर्ट कोणी आधीच अडवलेलं असेल, तर एरर तिथल्या तिथे दिसते. तुमचा सर्व्हर सिस्टिमडीच्या टाइप-सिंपल सेटिंगने चालवला, तर प्रोसेस सुरू होताच सिस्टिमडी 'ॲक्टिव्ह' म्हणून मोकळं. डेटाबेस अजून उठतोय आणि ॲप कनेक्शन मागतंय!

अंधेरी_पूर्व
त्यासाठी टाइप-नोटिफाय आहे. सर्व्हर तयार झाला की त्याने सिस्टिमडीच्या सॉकेटवर 'रेडी=१' पाठवायचं, बस.

रात्रपाळी_ऐरोली
पाठवतं कोण? आमच्याकडच्या एका व्हेंडरच्या सूचनांमध्ये 'नोहप लावून चालवा' (टर्मिनल बंद झालं तरी प्रोसेस चालू ठेवणारी कमांड) एवढंच आहे.

कर्जत_स्लो
मधेच बोलतो. फोरग्राउंड (टर्मिनलवरच) की बॅकग्राउंड, यापेक्षा मला छळतो तो लॉग. सी लायब्ररी टर्मिनलवर ओळ संपली की छापते, पण आउटपुट पाइपमध्ये गेलं की बफर भरेपर्यंत धरून ठेवते. सर्व्हर क्रॅश झाला की नेमक्या कामाच्या शेवटच्या ओळी गायब. एकतर एररच्या स्ट्रीमवर लिहा, नाहीतर प्रत्येक ओळ फ्लश करा. टर्मिनल नसेल तर रंगांचे कोड गाळा, तेवढा फरक चालेल.
आणि सिगहप या सिग्नलचं काय? टर्मिनल बंद झालं की त्याच सिग्नलने प्रोसेस मरते, आणि डीमन मात्र परंपरेने त्यावर कॉन्फिग पुन्हा वाचतो. लोकलमध्ये दिवा स्टेशनच्या पुढे माझं नेटवर्क गेलं, थोड्या वेळाने एसएसएच सेशन बंद पडलं, चाचणीचा सर्व्हरही गेला.

रात्रपाळी_ऐरोली
बघा! म्हणूनच बॅकग्राउंड.

अंधेरी_पूर्व
म्हणूनच टीमक्स, कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू ठेवणारं. 🙂

रात्रपाळी_ऐरोली
बरं, डिफॉल्ट फोरग्राउंड ठेवा. रेडिस या डेटाबेसचंही तसंच आहे, पण 'डीमनाइझ'चा पर्याय त्यांनी काढलेला नाही.

अंधेरी_पूर्व
पर्याय ठेवला की पीआयडी फाइल आलीच. सर्व्हर क्रॅश झाला, फाइल उरली, तोच नंबर दुसऱ्या प्रोसेसला मिळाला, आणि तुमच्या स्टॉप स्क्रिप्टने तिलाच उडवलं. मग?

रात्रपाळी_ऐरोली
सर्व्हरने फाइलवर लॉक धरायचं, स्क्रिप्टने ते आधी तपासायचं. लॉक नाही म्हणजे फाइल शिळी, किल करायचं नाही. यात अवघड काय आहे?